फ्लेक्सवरचं औषध

मी औषध शोधलेलं नाही. हे आधीच लिहून टाकते, म्हणजे पुढं वाचायचं की नाही ते ज्याचं त्यानं ठरवावं. आमच्या भागातल्या या दिवाळी अंकाच्या संपादकांनी मला जे पत्र पाठवलं, त्यात ‘रक्ताच्या गुठळीवर औषध शोधणारी टेमघरची कन्या’ असा माझा उल्लेख आहे, आणि तरुण पिढीला प्रेरणा मिळेल असं काहीतरी मी लिहावं अशी त्यांची इच्छा आहे. संपादक सज्जन गृहस्थ आहेत, त्यांचा काही दोष नाही. त्यांनी ते वाक्य ज्या फ्लेक्सवरून उचललं, तो फ्लेक्स भिवंडीत आमच्या टेमघरच्या नाक्यावर आठ महिने टांगलेला होता आणि तो उतरवा असं मी एकदाही म्हटलं नव्हतं.

प्रेरणेचं मला माहीत नाही. जे झालं ते सांगते.

दोन हजार सालानंतरच्या त्या वर्षांत मी ज्या कंपनीत होते ती भिवंडीजवळच्या पूर्णा गावात एका गोदामाच्या माडीवर होती. खाली टाइल्सची खोकी, वर आम्ही. रसायनशास्त्रात एम. एस्सी. केलेली मुलगी गोदामात काय करते, असा प्रश्न आमच्या आळीत बरेच दिवस चघळला जात होता. जागा स्वस्त होती म्हणून मालकांनी घेतली होती, एवढंच त्याचं उत्तर. एका खोलीत आठ कॉम्प्युटर एकमेकांना वायरींनी जोडून ठेवलेले, पलीकडच्या खोलीत छोटी प्रयोगशाळा, आणि मधल्या बोळात आमचे प्रमुख सबनीस सर. सर पुण्याचे. भिवंडीत आल्यापासून त्यांना सारखा खोकला.

आमचं काम बाहेरच्या माणसाला सांगायचं तर असं. रक्त गोठणं ही वाईट गोष्ट नव्हे. विळीवर बोट कापलं तर थोड्या वेळानं रक्त थांबतं, ते गोठतं म्हणूनच. रक्तातली प्रथिनं त्यासाठी एकामागून एक जागी होतात. पहिलं दुसऱ्याला उठवतं, दुसरं तिसऱ्याला, आणि शेवटी जखमेवर एक जाळं विणलं जातं. यंत्रमागांच्या भिवंडीतल्या माणसाला विणणं समजावून सांगायला नको. पण हेच जाळं नको तिथं विणलं गेलं, पायाच्या शिरेत किंवा हृदयात, तर ते सुटून मेंदूत जाऊन अडकू शकतं आणि माणूस बसल्या जागी आडवा होतो. म्हणून त्या रांगेतल्या एका प्रथिनाला झोपवून ठेवायचं. त्या प्रथिनाच्या अंगावर एक खोबण असते. तिच्यात घट्ट बसेल असा रेणू सापडला की ते गप्प राहतं. तो रेणू शोधणं हे माझं काम.

प्रथिनाचा अणू न अणू कुठं आहे हे परदेशातल्या संशोधकांनी मोजून ठेवलेलं असतं आणि ते इंटरनेटवर फुकट मिळतं. एक फाइल उतरेपर्यंत खाली जाऊन चहा पिऊन येता यायचा. मग पडद्यावर त्या खोबणीत एकेक रेणू घालून बघायचा, उलटा, सुलटा, आडवा. असे हजारो. कॉम्प्युटर प्रत्येकाला गुण देतो. वरचे वीस-पंचवीस निवडायचे, दुसरीकडून ते खरेखुरे बनवून आणायचे, आणि काचेच्या भांड्यात तपासायचे. सबनीस सर याला पत्रिका जुळवणं म्हणत. “छत्तीसच्या छत्तीस गुण जुळले म्हणून संसार होतोच असं नाही, सुगंधाबाई,” असं ते दर आठवड्याला एकदा तरी सांगत. आणि बहुतेक वेळा संसार होत नसेच. पांढरी पूड यायची, तपासली जायची, निकामी ठरायची, बाटलीवर नंबर लिहून ती कपाटात जायची.

त्यात वीज. एका रेणूसंचाची तपासणी तीन-चार दिवस अखंड चालायची आणि भिवंडीत अखंड असं काही नव्हतंच. लोडशेडिंगचं वेळापत्रक आम्ही पंचांगासारखं भिंतीला लावलं होतं. जनरेटर होता, पण तो सुरू व्हायला लागणाऱ्या मिनिटभरात बॅटरीनं दगा दिला की तीन दिवसांचं काम पाण्यात. अशा वेळी सर खोकत बाहेर जायचे आणि मी कपाळाला हात लावून बसायची.

आमचा जनरेटर शेजारच्या यंत्रमागवाल्या शेठना फार खुपायचा. त्यांचा कारखाना नारपोलीत, पण पूर्णाला कापड ठेवायला गाळा होता. एकदा ते वर आले, आठ कॉम्प्युटर बघितले आणि मला म्हणाले, “मॅडम, ये दिनरात चालू है. दिन का कितना मीटर निकलता है?”

“मीटर नहीं शेठ, दवाई ढूंढते हैं.”

“अच्छा. कितनी निकली?”

“अभी तक एक भी नहीं.”

शेठनी आठही डबड्यांकडे खऱ्या कळवळ्यानं पाहिलं. “धागा खराब होगा,” म्हणाले आणि गेले. इतक्या वर्षांत माझ्या कामावर त्यांच्याइतकं नेमकं कोणी बोललं नाही.

आता आत्या. हिराआत्या ही माझ्या बापाची थोरली बहीण, टेमघरातच दिलेली, आमच्या घरापासून चार घरं सोडून. लहानपणी सांधे धरून ताप आलेला, त्यानं हृदयाची झडप खराब झाली आणि चाळिशीत मुंबईच्या इस्पितळात तिला धातूची झडप बसवली. त्या झडपेचा आवाज यायचा. दुपारी घर शांत असलं की तिच्या शेजारी बसणाऱ्याला टिक टिक ऐकू यायची. आत्या तिला ‘माजं घड्याल’ म्हणायची आणि नव्या सुनांना कान लावून ऐकायला लावायची. अशी झडप असली की तिच्यावर रक्त गोठायला बघतं, म्हणून जन्मभर रक्त पातळ ठेवायची गोळी घ्यावी लागते. गोळी कमी पडली तर गुठळी, जास्त झाली तर रक्तस्राव. त्यासाठी महिन्याला ठाण्याला जाऊन रक्त तपासायचं आणि आकडा बघून डॉक्टर गोळी कमीजास्त करणार. पालेभाजी एकदम जास्त खाल्ली तरी आकडा हलतो. आत्याची शीर सापडायची नाही. दर वेळी चार-चार ठिकाणी सुई, परत येताना दोन्ही हात काळेनिळे. माठाच्या भाजीचं ताट समोरून गेलं की ती तोंड फिरवायची.

मी कशावर काम करते हे तिला पहिल्यांदा कळलं तेव्हा तिनं मला जवळ बसवून विचारलं, “म्हंजे सुई नको? भाजी चालंल?”

“चालंल आते. आमच्या नव्या गोळीला रोज रोज रक्त बघायला लागनार न्हाय.”

हे खोटं नव्हतं. नव्या जातीच्या औषधांकडून सगळ्या जगाची तीच अपेक्षा होती. पण मी ‘आमची गोळी’ असं बोलले, आणि त्या दिवसापासून आत्यानं तिला ‘माजी गोली’ करून टाकलं.

मग सत्तेचाळीस नंबर आला. कॉम्प्युटरनं त्याला सगळ्यात जास्त गुण दिले होते. पडद्यावर तो खोबणीत असा बसला होता की मी कितीतरी वेळ नुसती बघत राहिले. प्रयोगशाळेचं काम नसरीन बघायची. ती भिवंडीचीच, माझ्याहून दोन वर्षांनी लहान आणि हाताला अतिशय स्वच्छ. तिच्या तपासणीत प्रथिन जागं असलं तर भांड्यातलं पाणी पिवळं होतं, झोपलं तर होत नाही. त्या दुपारी ती दार ढकलून आत आली.

“सुगंधा, ऊठ. पिवळं नाही झालं! एकदम पानी जैसा साफ.”

आम्ही दोघी बोळातून पळत गेलो. सर खोकायचे थांबले. त्यांनी भांडी उजेडाकडे धरून बघितली आणि म्हणाले, “अजून बरंच तपासायचंय. बाहेर बोलू नका.” मी मान हलवली आणि त्याच संध्याकाळी सत्तेचाळीस नंबरचं रंगीत चित्र छापून घरी नेलं. प्रथिन निळं, खोबण पांढरी, रेणू केशरी. आत्यानं ते दोन्ही हातांत धरलं. “यो माज्या रगतात जानार?” तिनं केशरी ठिपक्यांवर बोट ठेवून विचारलं आणि ते चित्र देवघराच्या शेजारी चिकटवायला लावलं.

आत्याचा मुलगा हरेश्वर तेव्हा गणेश मंडळाचा अध्यक्ष होता. माझ्याहून सात वर्षांनी मोठा, मी त्याला हरेशदादा म्हणते. आठ दिवसांत नाक्यावर फ्लेक्स लागला. मधोमध माझा कॉलेजच्या ओळखपत्रावरचा फोटो, कमरेएवढा मोठा केलेला, आणि खाली शुभेच्छुकांची रांग. सगळे पांढऱ्या शर्टात, गळ्यात साखळ्या, अर्ध्यांच्या कानाला मोबाइल. वर लाल अक्षरांत: ‘रक्ताच्या गुठळीवरील औषधाचा शोध लावल्याबद्दल टेमघरच्या सुकन्येचे हार्दिक अभिनंदन!’

“दादा, शोध लागला न्हाय अजून,” मी म्हटलं.

“लागंल ना? मंग परत नवा छापाचा का?”

मी हसले. खरं सांगायचं तर मला बरं वाटत होतं. ज्या आळीत ‘गोदामात काय करते’ विचारत होते, तिथं रिक्षावाला आता मला वळून बघत होता. त्या फ्लेक्सखालून जाताना मी स्कूटी मुद्दाम हळू चालवायची. ही लाज आज वाटते, तेव्हा नव्हती वाटत.

गणपतीत मांडवात सत्कार ठेवला. शाल, श्रीफळ, आणि ते द्यायला स्टेजवर आत्या. नव्या लुगड्यात, अंगावर सगळं सोनं. तिनं माझ्या खांद्यावर शाल घातली तेव्हा माइक जवळ असूनही मला तिची टिक टिक ऐकू आली. निवेदकानं विचारलं, “ताई, औषध बाजारात कधी येणार?”

अशा औषधाला दहा-बारा वर्षं लागतात. काचेच्या भांड्यातून प्राण्यांत, प्राण्यांतून माणसांत, आणि प्रत्येक पायरीवर बहुतेक गळतात. हे मी कॉलेजच्या पोरांना झोपेतही सांगितलं असतं. पण समोर सगळं टेमघर बसलेलं, बाजूला आत्या, आणि दहा वर्षं म्हटल्यावर त्या चेहऱ्यांचं काय होईल ते मला दिसत होतं. मी म्हणाले, “वर्षभरात येईल.” टाळ्या पडल्या. आत्यानं डोळ्यांना पदर लावला.

तीन आठवड्यांनी नसरीन परत आली. या वेळी दार ढकलून नाही. खुर्ची ओढून शेजारी बसली आणि हळू बोलली.

“मी त्यात साबणाचा थेंब टाकून बघितला. तसं करतात आता, एका रिसर्च पेपरात वाचलं होतं. पिवळं झालं गं. पूरा पिवळं.”

याचा अर्थ सांगते. आमची पूड पाण्यात नीट विरघळतच नव्हती. दिसणार नाहीत इतके बारीक गोळे होत होते, उकडीत पीठ नीट न ढवळल्यावर होतात तसे, आणि प्रथिन त्या गोळ्यांना जाऊन चिकटत होतं. कुठलंही प्रथिन चिकटलं असतं. साबणानं गोळे मोडले आणि प्रथिन मोकळं झालं. म्हणजे सत्तेचाळीस नंबर खोबणीत कधी बसलाच नव्हता. माझं केशरी चित्र हे निव्वळ चित्र होतं. नसरीननं नंतर खऱ्या रक्तद्रवात घालून बघितलं, तर पुडीऐवजी नुसतं पाणी घातल्यावर तो जितक्या वेळात गोठतो, तितक्याच वेळात गोठला. सरांनी फाइल बंद केली. “जुळली होती पत्रिका,” एवढंच म्हणाले. बाटली कपाटात गेली. आमच्या धंद्यात यात लाज वाटण्यासारखं काही नाही. शंभरातले नव्व्याण्णव असेच जातात, आणि नसरीननं ज्या सचोटीनं स्वतःच्याच आनंदावर साबण टाकला, त्याचा मला आजही अभिमान वाटतो.

लाज पुढची आहे. मी घरी सांगितलं नाही.

आधी वाटलं, दिवाळी होऊन जाऊ दे. मग वाटलं, दुसरा एखादा नंबर लागेल, तो लागला की सत्तेचाळीसचं कोण विचारतंय. नाक्यावर फ्लेक्स होताच. मी स्कूटी आता खाली बघून जोरात काढायची. सांगायचं म्हणजे तो उतरवायला सांगायला हवा होता, आणि तो उतरवला की का उतरवला ते आळीला सांगायला हवं होतं. नसरीननं एकदा विचारलं, “तुझ्या आत्याला बोललीस ना?” मी ‘हो’ म्हटलं. तिच्याशीही खोटं बोलले.

संक्रांतीनंतरची एक दुपार. आत्या ओट्यावर बसून सुके बोंबील निवडत होती. हरेशदादा घरात नव्हता. त्या वर्षी त्याच्या खाडीकडच्या जमिनीवर गोदाम बांधायचा करार चालला होता आणि तो सदान्‌कदा वकिलाकडे असायचा. मी रजेवर होते, जाता जाता ओट्यावर टेकले. आत्यानं माझ्यापुढं तिळाचा लाडू ठेवला.

“गोलीचं काय झालं गो?”

“काम चालू हाय आते.”

“मंग मी आता ठान्याला न्हाय जात. दोन म्हैने झालं, न्हाय गेले. नवी येतेच हाय, तर हात कशाला टोचून घेऊ?”

मी ‘बरं’ म्हणाले.

इतकी वर्षं मी स्वतःला सांगत आले की माझं लक्ष नव्हतं, मी लाडू खात होते, मला नीट ऐकू आलं नाही. मला नीट ऐकू आलं होतं. रक्त गोठण्याची रांग मला पाठ होती. तपासणी थांबली की काय होतं हे त्या ओट्यावर बसलेल्या, नव्हे सगळ्या टेमघरातल्या कोणाहीपेक्षा मला जास्त कळत होतं. ‘जा’ म्हणायचं तर ‘नवी येत नाही’ हे आधी म्हणावं लागलं असतं. म्हणून मी ‘बरं’ म्हणाले.

बोंबलाचं डोकं मोडत ती पुढं म्हणाली, “घड्याल बी अलीकडं हलू वाजतं. बग ऐक.”

मी कान लावलासुद्धा नाही. “सेल संपला असंल,” म्हणाले. ती मनापासून हसली. धातूच्या झडपेचा आवाज दबला की तिच्यावर रक्त साकळत असू शकतं हे मला नंतर एका डॉक्टरांनी सांगितलं. मी डॉक्टर नव्हते, हे खरं. पण ज्याला कळत नाही त्यानं विचारायचं असतं, चेष्टा करायची नसते.

होळीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आत्या मोरीच्या दारात पडली. उजवा हात गेला, पाय गेला आणि वाचा गेली. ठाण्याच्या इस्पितळात डॉक्टरांनी विचारलं, “शेवटची तपासणी कधी केली होती?” कोणालाच सांगता येईना. मग वहिनीनं, म्हणजे हरेशदादाच्या बायकोनं, आत्याचा डबा आणला. त्यात जुन्या गोळीच्या भरलेल्या पट्ट्या होत्या. ती गोळी दिवसाआड घेत होती. नवी आल्यावर ही कोण घेणार, मग आहे तीच पुरवायची, परत आणून वाया कशाला घालवायची, असं ती वहिनीला म्हणाली होती म्हणे. काटकसर तिच्या हाडात होती. ज्या घरात भाताचा कोंडाही वाया जात नाही, तिथं औषध कसं जाऊ देणार?

हरेशदादा खाली मान घालून उभा होता. “माजीच चूक डाक्टर,” तो म्हणाला. “मी गोदामाच्या भानगडीत पडलो. आयला तपासनीला न्यायचं ते काम माजं होतं.” डॉक्टर त्याला बरंच बोलले. मी त्याच्या मागं, हातभर अंतरावर उभी होते. त्याच्या मानेवर घाम आलेला मला दिसत होता. तेव्हा तरी बोलायला हवं होतं.

पावसाळ्याआधी फ्लेक्स आपसूक उतरला. मी घरी सांगितलं की ती गोळी पुढं गेली नाही. कधी पुढं गेली नाही ते कोणी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. सगळे उलट मलाच धीर देत होते.

आत्या सहा वर्षं जगली. चार-पाच शब्द परत आले होते: ये, नको, पानी, हरेश, आणि ‘औशद’. घरी पाहुणे आले आणि मी तिथं असले, की ती डाव्या हातानं माझ्याकडे बोट करायची. “औशद,” म्हणायची, आणि त्यांच्याकडे बघायची. पाहुण्यांना वाटायचं तिला गोळी हवी आहे. वहिनी समजावून सांगायची, “न्हाय ओ, ही औषधं शोधायची ना, त्याचं कवतिक.” मग पाहुणे माझ्याकडे बघून मान डोलवायचे. मी काही ना काही निमित्त काढून उठायची. हळूहळू मी तिच्याकडे जायचंच कमी केलं. ज्या चेहऱ्याला माझा एवढा अभिमान, तो चेहरा मला बघवत नव्हता. तिच्या दहाव्याला हरेशदादा सगळ्यांसमोर म्हणाला, “मी आयला मारली.” बायकांनी त्याला गप्प केलं. मी बायकांत बसले होते.

कंपनीनं ते काम केव्हाच गुंडाळलं होतं. मी पुढं कॉलेजात शिकवलं आणि गेल्या वर्षी स्वेच्छानिवृत्ती घेतली. मधल्या काळात परदेशातल्या मोठ्या कंपन्यांच्या नव्या गोळ्या आल्या, त्याच प्रथिनाला झोपवणाऱ्या. भिवंडीत औषधाच्या दुकानात त्यातली एक मी पहिल्यांदा पाहिली तेव्हा खोक्यातला कागद तिथंच उभ्यानं वाचला. बारीक अक्षरांत लिहिलं होतं की हृदयात कृत्रिम धातूची झडप असेल त्यांनी हे घेऊ नये. मी तो कागद दोनदा वाचला. म्हणजे सत्तेचाळीस नंबर यशस्वी झाला असता, मी माइकवर बोलले ते सगळं खरं झालं असतं, तरी ती गोळी आत्यासाठी नव्हतीच. ‘अशी झडप असणाऱ्यांना चालेल का?’ हा प्रश्न त्या सगळ्या वर्षांत मी एकदाही कोणाला विचारला नव्हता. आणि सांगायला लाज वाटते, पण पहिल्या क्षणी मला सुटल्यासारखं झालं. मग घरी येईपर्यंत लक्षात आलं की तिला नवी गोळी वाचवणार नव्हती, जुनी वाचवत होती. जुनी, आणि महिन्याची ती सुई. तेवढं मी काढून घेतलं होतं.

संपादकांचं पत्र आलं तेव्हा आधी मी लिहिणारच नव्हते. मग वाटलं, लिहायचं तर आधी एका माणसाला सांगायला हवं. गेल्या महिन्यात हरेशदादाकडे गेले. तो आता साठी पार केलेला, गोदामाच्या भाड्यावर घर चालतं, गुडघे गेलेत. त्याच ओट्यावर बसला होता. मी त्याला सगळं सांगितलं. साबणाचा थेंब, कधी टाकला तो महिना, संक्रांतीनंतरची दुपार, बोंबील, आत्याचं वाक्य. शेवटी त्यानं एकच विचारलं.

“आय बोल्ली तुना, का तपासनीला न्हाय जात म्हनून. तवा तू काय बोल्लीस?”

“बरं, म्हटलं.”

त्यानं समोरच्या रस्त्याकडे पाहिलं. कंटेनर एकामागून एक जात होते. मग गुडघ्यावर हात टेकून उठला आणि आत गेला. वहिनी चहा घेऊन आली तोवर मी निघाले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो माझ्या दारात आला. काखेत एक मोठी घडी. तो फ्लेक्स. इतकी वर्षं वहिनी उन्हाळ्यात गच्चीवर तो पालथा घालून त्यावर मिरच्या आणि सुकट वाळवायची, हे मला माहीत होतं. नाक्यावरून उतरल्यावर तो त्यानंच जपून घरी आणला होता. त्यानं ती घडी ओट्यावर ठेवली. सुकटीचा वास आला.

“तुजा हाय. तुज्याकडं ठेव.”

“दादा, आत ये. चहा ठेवते.”

त्यानं मान हलवली. नको. तो वळला आणि कठडा धरून पायऱ्या उतरायला लागला, एकेक. मला काहीतरी बोलायचं होतं, आणि जे तोंडाला आलं ते बोलले. “मी हे सगळं अंकात लिहिनार हाय दादा. तुजी चूक नव्हती, हे लिहिनार.”

तो खालच्या पायरीवर थांबला. माझ्याकडे वळला नाही.

“बरं,” म्हणाला.